वाहते पाणी आणि आपली अमानत



वुजूपूर्वी पाणी पाहून घ्यावे, ही शिकवण आपल्या मुलांना घरातच मिळते. नजासतीमुळे पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला, तर त्याने वुजू होत नाही, यावर उलेमांचे एकमत आहे. पाण्याची ही पारख प्रयोगशाळांहून कितीतरी जुनी आहे.

हीच नजर आता गोदावरीकडे वळवा. गंगापूर धरणाचे पाणी नाशिककरांच्या नळाला येते आणि शहर ओलांडताना नदीत सांडपाणी मिसळते. पुढे सायखेडा, चांदोरी आणि नांदूर मधमेश्वरच्या जलाशयापर्यंत पाणवेली पसरतात. हा जलाशय म्हणजे 2019 साली रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ! पाणवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसानेच ती देशोदेशी नेली. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या थराखाली पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

मात्र पाणवेल स्वतः नापाक नव्हे. पाने-शेवाळ यांनी पाण्यात होणारा बदल फिक्हने क्षम्य मानला आहे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे या वेलीचे अन्न. म्हणून यंत्राने वेल काढली आणि नाला तसाच राहिला, तर ती पुन्हा येणारच. सौदी अरेबियाच्या वरिष्ठ उलेमांनी 1978 साली असा निर्णय दिला की, प्रक्रियेनंतर नजासतीचा रंग, चव, वास पूर्णपणे नाहीसा झाला, तर सांडपाणीही पाक होते. तेव्हा मलनिस्सारण केंद्र नीट चालते की नाही, हा केवळ महापालिकेचा प्रश्न उरत नाही.

काही जण म्हणतात, नदी वाहती आहे आणि वाहते पाणी पाक असते. ही सवलत पाणी घेणाऱ्याला आहे, घाण टाकणाऱ्याला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास मनाई केली आणि पाणवठा, रस्ता व सावली येथे घाण करणे शापाला कारण ठरते, असे बजावले. शिवाय बंधाऱ्याने अडवलेल्या, वेलींनी झाकलेल्या पाण्याला वाहते तरी कसे म्हणावे? खालच्या गावचा शेतकरी किंवा मासेमार कोणत्याही धर्माचा असो, त्याचा आपल्यावर शेजाऱ्याचा हक्क आहे.

दर महिन्याला नदीकाठच्या एकाच जागी मुलांना न्यावे. पाण्याचा रंग, वास, वेलींचा पसारा वहीत तारखेसह लिहावा. चव मात्र घेऊ नये. बिघाड दिसल्यास नोंदींसह महापालिकेकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी.

बकरी ईदचा विषयही स्पष्टच बोलू. कुर्बानीचे रक्त आणि आतडी नाल्यात गेली, तर ती गोदावरीतच पोहोचतात. कुर्बानी इबादत आहे. तिचे अवशेष दुसऱ्याच्या पाण्यात सोडणे इबादत नाही. मोहल्ल्यातील अवशेष कोठे गोळा होतील आणि महापालिकेची गाडी केव्हा येईल, हे प्रत्येक मशीद कमिटीने जिल्हज्जचा चाँद दिसण्यापूर्वीच ठरवून जुम्याच्या नमाजनंतर जाहीर करावे.