रुपेरी किनार

इंग्रजी शिकणारी मुलं ‘एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग’ हे वाक्य हमखास पाठ करतात. ढगाची ही रुपेरी किनार मिल्टनच्या १६३४ सालच्या ‘कोमस’ या नाट्यकृतीत दिसते. बारमाही पावसाच्या इंग्लंडात ढग म्हणजे मळभ, आशा फक्त काठावर. आमच्या चांदवडला मात्र जूनमधला काळा ढग म्हणजे अख्खीच्या अख्खी आशा! तोच मार्चमध्ये, काढणीच्या कांद्यावर आला, की काळजात धस्स होतं. मुलांनो, गारपिटीनंतर कुणाच्या बांधावर जाऊन हे वाक्य लगेच म्हणू नका. आधी त्या शेतकरी काकांसोबत कांदा निवडायला बसा. निम्मा कांदाचाळीत ठेवण्याजोगा निघाला, तर ते आपोआप ओठांवर येईल.