आजाऱ्याच्या दारात आपण कोणत्या भावनेने उभे राहतो?

पावसाळा आला की घरोघरी ताप येतो. बहुतेक ताप चार दिवसांत उतरतात आणि विसरलेही जातात. एखाद्या घरातला ताप मात्र साधा नसतो. माणूस हाती लागत नाही, आणि बातमी कानावर येताच आपण सहज बोलून जातो, “वेळेवर दवाखान्यात नेले नाही. अडाणीपणा नडला.” हे वाक्य बोलताना आपण क्षणभर थांबलो आहोत का? उशीर झाला हे खरे. पण तो कोणामुळे झाला? केवळ त्या घरामुळे, की त्यात आपलाही काही वाटा आहे?

या प्रश्नाचा आज आपण शांतपणे विचार करू या.

भिलाईने शिकवलेला धडा

भिलाई हे पोलादाचे शहर. १९५९ साली येथील कारखान्याची पहिली भट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही या शहरात रुजली. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, सेक्टर ९ चे मोठे रुग्णालय ही या शहराची ओळख. अशा शहरात २०१८ च्या पावसाळ्यात डेंग्यूची मोठी साथ आली. खुर्सीपारसारख्या कामगार वस्त्यांमध्ये घरामागून घर तापाने फणफणले आणि अनेकांचे प्राण गेले.

रुग्णालय हाकेच्या अंतरावर असतानाही जेथे असे घडले, तेथे धमधा किंवा पाटण भागातील एखाद्या खेड्याची अवस्था काय होत असेल? इमारत जवळ असणे आणि आधार जवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारी माणसाला दोन्हींची गरज असते.

तापाच्या घरातून निघणारी वाट

खेड्यातले कुटुंब तापाला कसे सामोरे जाते, ते डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी तुळशीचा काढा, कपाळावर ओली पट्टी. दुसऱ्या दिवशी दुकानातून आणलेली गोळी. अंग मोडून येते, डोळ्यांमागे ठणकते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी गावच्या बैगाकडे नेतात. तो झाडफूक करतो, धीर देतो. त्यानेही उतार पडला नाही, तर मोटारसायकलवरून फिरणारा, पदवी नसलेला ‘डॉक्टर’ येतो. तो इंजेक्शन देतो, सलाईन लावतो. मग सरकारी आरोग्य केंद्र, त्यानंतर दुर्गचे जिल्हा रुग्णालय आणि अगदी शेवटी रायपूर.

बाहेरून पाहणाऱ्याला ही सारी भटकंती वाटते. आतून पाहिले, तर प्रत्येक पायरीला कारण आहे. डेंग्यूचे दिवस आणि भातशेतीच्या कामाचे दिवस एकच असतात. बियासीच्या वेळी घरातले एक माणूस दवाखान्यात बसले, तर दोन मजुऱ्या बुडतात. बैगा आपल्या बोलीत बोलतो. बिनपदवीचा डॉक्टर रात्री हाक मारली तरी येतो आणि उधारीवर उपचार करतो. उलट, मोठ्या रुग्णालयात कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे, तेही ठाऊक नसते. कोणी वस्सकन अंगावर आले, तर पुन्हा विचारायचे धाडस होत नाही.

म्हणजे हे कुटुंब विचार न करता वागत नाही. जेथे विश्वास आणि आपुलकी मिळते, तेथे ते आधी जाते. आपण तरी वेगळे काय करतो?

बरे वाटणे आणि बरे होणे

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कारण समजले म्हणून धोका टळत नाही. डेंग्यूचा स्वभावच फसवा आहे. ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. ताप उतरला की घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. पण काही रुग्णांच्या बाबतीत खरा धोका नेमका तेव्हाच सुरू होतो. ताप उतरू लागल्यानंतरचे २४ ते ४८ तास कसोटीचे असतात. रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्तदाब घसरतो, रक्तस्राव होऊ शकतो. बैगाकडून किंवा इंजेक्शनानंतर घरी आणलेला रुग्ण या वेळी थंड पडतो, आणि घरच्यांना वाटते, गुण आला.

कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला भेद समजावतो. जे तत्काळ गोड वाटते ते प्रेय, जे खरोखर हिताचे असते ते श्रेय. हा विवेक केवळ मोक्षाच्या वाटेवर लागतो असे नाही. तापाच्या अंथरुणाशेजारीही तो लागतो. ताप उतरलेला पाहून बरे वाटणे हे प्रेय आहे. पुढचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून रुग्णाकडे पाहत राहणे हे श्रेय आहे.

या काळात पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, दम लागणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, विलक्षण ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. डेंग्यूच्या विषाणूवर खास असे औषध नाही. तरीही गंभीर डेंग्यूत वेळेवर योग्य उपचार मिळाले, तर शंभरातले जवळजवळ सर्व रुग्ण वाचतात. उपचार न मिळाल्यास पाचांतला एक दगावू शकतो. मधले अंतर एखाद्या महागड्या औषधाचे नसते. योग्य प्रमाणातील द्रव, नियमित तपासणी आणि जागरूकता यांचे ते अंतर आहे.

आणखी एक सावधानता हवी. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. झटपट आराम देणारे इंजेक्शन अनेकदा याच प्रकारचे असते. येथेही प्रेयच श्रेयाचा घात करते.

श्रद्धा आड येते का?

काही जण म्हणतील, गावकऱ्यांची श्रद्धाच त्यांना मागे खेचते. काही साधकांच्या मनात उलटी शंका येईल: दवाखान्यात धावलो, तर ईश्वरावरचा विश्वास उणा ठरेल का?

दोन्ही विचार अपुरे आहेत. श्रद्धा माणसाला धीर देते. धीर असलेला माणूस योग्य निर्णय घेऊ शकतो. प्रार्थना करणाऱ्या हातांनीच रुग्णाला पाणी पाजायचे आहे आणि त्याच हातांनी गाडीही बोलवायची आहे. जी श्रद्धा प्रयत्नाला थांबवते, तिच्यात आळस किंवा भीती मिसळलेली असते.

म्हणून बैगाची टिंगल करू नका. त्याच्या शब्दाला गावात वजन आहे. “तुम्ही आशीर्वाद द्या, आणि उद्या रक्त तपासायला जा असेही तुम्हीच सांगा,” अशी विनंती त्याला करता येते. अपमानित माणूस विरोधक होतो. मान दिलेला माणूस सहकारी होऊ शकतो.

विश्वास बांधावा लागतो

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारे दल्ली राजहरा येथील खाणकामगार एकेकाळी याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांच्या संघटनेतील एक कार्यकर्ती उपचाराअभावी बाळंतपणात गेली. त्या दुःखातून कामगारांनी दोषारोपांची यादी केली नाही. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ साली शहीद रुग्णालय उभे केले. जे आपल्या घामाने बांधले, त्या दारात पाऊल टाकताना कोणाला संकोच वाटेल?

आपल्या गाडगे महाराजांनीही हे मर्म जाणले होते. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन, आणि जोडीला गोरगरिबांसाठी धर्मशाळा. मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. रुग्णाबरोबर आलेला माणूस रात्री कुठे झोपेल, काय खाईल, हाही उपचाराचाच भाग आहे, ही दृष्टी संताची आहे.

मग आपण काय करावे?

सर्वप्रथम आपल्या अंगणाकडे पाहावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या, बहुधा स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. तो फार दूर उडत नाही. म्हणजेच माझ्या कूलरमध्ये जन्मलेला डास माझ्या शेजाऱ्याच्या लेकराला चावतो. माझा निष्काळजीपणा त्याचा ताप होतो. कर्माचा सिद्धांत इतक्या जवळून क्वचितच दिसतो! अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कूलर, हौद, पिंप, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. ही सामूहिक साधनाच समजा.

दुसरे, तापाच्या घराचे सोबती व्हावे. गावातील मितानिन ताईंशी ओळख ठेवा. छत्तीसगडमध्ये २००२ पासून या ताई आरोग्याचा निरोप घरोघर नेत आहेत. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी आणि त्यानंतर आयजीएम तपासणी उपयोगी पडते. सरकारने नेमलेल्या रुग्णालयांत ती मोफत होते. ही माहिती नुसती सांगून थांबू नका. रुग्णाबरोबर जा, खिडकीपाशी उभे राहा, डॉक्टरांचे बोलणे घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावून द्या. शक्य असेल, तर त्यांच्या शेतात एक दिवस राबा, म्हणजे घरच्यांना दवाखान्यात निश्चिंत बसता येईल.

तिसरे, ताप उतरल्यावरही जा. तेव्हा विचारपूस करणारी मंडळी पांगलेली असतात आणि घर गाफील असते. त्या दोन दिवसांत सकाळ-संध्याकाळ दारात जाऊन विचारा, “पाणी पितो आहे ना? लघवी होते आहे ना? पोट दुखत नाही ना?” या साध्या प्रश्नांनी एखादा जीव वाचू शकतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. उशीर कोणामुळे होतो? अंतरामुळे, गरिबीमुळे, चुकीच्या समजुतींमुळे, व्यवस्थेच्या कोरडेपणामुळे. पण यांतील प्रत्येक कारण अधिक बळावते, ते घर एकटे पडल्यामुळे. आणि शेजारचे घर एकटे पडू न देणे हे तर सर्वस्वी आपल्या हाती आहे.

या पावसाळ्यात आपल्या गल्लीत, आपल्या गावात कोणाच्या घरी ताप आहे, याची चौकशी आज संध्याकाळीच करा. तेथे उपदेशक म्हणून जाऊ नका, परीक्षक म्हणूनही नको. घरचे माणूस म्हणून जा.