सुपातलं उरलेलं

बेळगावकडच्या आपल्या गावांत भिंतीपलीकडे कोंबड्या पाळणारं एखादं घर असतंच, आणि कोंबड्यांना आपली भिंत मान्य नसते. त्या परसात येतात, उकरतात, मान वाकडी करून आपल्याकडे बघतात. त्यांना खायला घालावं का, आणि घालायचं तर काय, हा प्रश्न आपण बायका हसण्यावारी नेतो. मला तो तेवढा हलका वाटत नाही.

नेहमीची शंका अशी, की आज आपण ज्वारी टाकायची आणि जत्रेला तीच कोंबडी कापली जायची. मग ती ज्वारी कुणाच्या खाती? माझ्या जाऊबाई याच कारणानं मूठभर दाणेही टाकत नाहीत. मला ते पटत नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यातला शेवटचा अन्नपाननिरोध. शेजारणीची कोंबडी माझ्या ताब्यातली नाही हे कबूल. पण भुकेला जीव दारात असताना जत्रेचा हिशेब पुढं करणं मला त्याच्याच जवळचं वाटतं. कापण्याचा संकल्प माझा नाही. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात कोंबडा, पोपट, मांजर पाळण्याला दोष दिलाय तो पैशासाठी पोसण्याला. म्हणून शेजारीण दाण्यांच्या बदल्यात काही देऊ लागली की मी हात जोडते. तिथं व्यवहार सुरू होतो.

खरी अडचण निराळीच आहे. पावसाळ्यात धान्य निवडायला घेतलं की शेजारीण भिंतीवरून हमखास विचारते, "काकू, किडकं टाकू नका, माझ्या कोंबड्यास्नी द्या की!" तिचं काही चुकत नाही. कोंबडीला सोंडकिडा म्हणजे चांगलं खाणं, दाण्याहून पौष्टिक. पण ते सूप मी तिकडं झाडलं तर मी दाणे दिले की किडे? जाऊबाई म्हणतात, "कोंबडी दिवसभर किडेच वेचते, तुझ्या सुपातल्या चार किड्यांनी काय होतंय?" कोंबडीला काही होत नाही. ती उकरून वाळवी खाते, तिला मी अडवत नाही. तो तिचा आहार आहे. मी हातानं किडे पुढं करणं हे माझं कृत्य आहे. यशोधर राजाची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्यानं आणि त्याच्या आईनं बळी दिला तो पिठाचा कोंबडा. जीव एकही गेला नाही, तरी मारण्याच्या भावामुळं दोघांना पशुपक्ष्यांचे जन्म फिरावे लागले, आणि शेवटी कोंबडा-कोंबडी होऊनच त्यांच्या कानी मुनींचा उपदेश पडला. म्हणून किडकं धान्य मी सावलीत कोरड्या कोपऱ्यात ठेवते आणि कोंबड्यांना निवडलेलं देते. यातही पळवाट आहेच, कारण सोंडकिडा अंडं दाण्याच्या आत घालतो. धड दिसणाऱ्या दाण्यातही अळी असू शकते. त्यावर उपाय आधीचा: धान्य कडक वाळवणं, एरंडेल चोळणं.

आणखी एक खटकतं. आपल्याला नको ते कोंबडीला, असा सरसकट रिवाज झालाय. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड, खारट लोणच्याचा खार, चहाचा चोथा, कच्चा राजमा हे सगळं तिला अपायकारक आहे. बुरशीच्या विषानं यकृत बिघडतं आणि ते विष शिजवूनही पुरतं जात नाही. बटाट्याची हिरवी सालंही नकोत. आपल्यातल्या ज्या घरांत कंदमूळ येतच नाही त्यांना ही काळजी नाही! ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, भरडलेला मका, मेथी-पालकाची पानं, भोपळा, कलिंगडाची साल आनंदानं द्या. तेही वरखाऊ म्हणूनच, कारण अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरं खाद्य लागतं, ते नुसत्या दाण्यांनी भागत नाही. दात नाहीत, म्हणून पोटात दाणे भरडायला बारीक खडेही लागतात. आणि पाणी, तेही स्वच्छ. दान द्यायचं तर घेणाऱ्याला काय सोसतं ते बघून द्यावं. नाहीतर ते आपलं डबे रिकामे करणं झालं.

कवच टणक व्हावं म्हणून शेजारीण शिंपल्यांचा चुरा घालायची. मी चुनखडीचा चुरा सुचवला. चुना तोच, आणि शिंपल्यातल्या जिवाचा प्रश्न नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, तुमचा धरम आता कोंबड्यास्नीबी लागू काय?"

पुढच्या बाजाराला चुनखडी मात्र घेऊन आली.