डिझेलचे पिंप आणि संवराचा प्रश्न

कृष्णा-पंचगंगेच्या काठी, शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात ऊस पिकवणाऱ्या दिगंबर जैन शेतकऱ्याच्या घरी पुष्कळदा दोन वस्तू आढळतात : फडताळात कापडात बांधून ठेवलेले उमास्वामींचे तत्त्वार्थसूत्र आणि गोठ्याच्या आडोशाला ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेले डिझेलचे २०० लिटरांचे पिंप. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे त्या घरात कोणाच्या मनात येण्याचे कारण नाही. परंतु त्या ग्रंथात जीवाच्या मलिनतेचा जो विचार केला आहे, त्याचा पडताळा पाहावयाचा तर त्या पिंपाइतके सोयीचे स्थळ मला दुसरे दिसत नाही.

जैन दर्शनात कर्म ही सूक्ष्म अशी जड वस्तूच मानली आहे. ती जीवाकडे येते तो आस्रव, त्याला चिकटून राहते तो बंध, येण्याचे थांबते तो संवर आणि आलेली झडून जाते ती निर्जरा. हे समजावून देताना परंपरेने छिद्र पडलेल्या नावेचा दृष्टान्त योजला : आधी छिद्रे बुजवावी, मग आत आलेले पाणी उपसावे. दृष्टान्त सुबोध खरा, पण धडधाकट नाव पाणी घेत नाही. म्हणून ऐकणाऱ्याची अशी समजूत होऊन बसते की, मालिन्य हे कोणत्या तरी व्यंगातूनच शिरते आणि ज्याच्या ठायी व्यंग नाही त्याला संवराची चिंता करण्याचे प्रयोजन नाही.

पिंपाचा अनुभव निराळा आहे. ते कोठे गळत नसले, बूच आवळून बसवलेले असले, तरी ते श्वास घेते. दिवसा उन्हाने तापले की आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. रात्री निवले की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, आणि तिच्यातील बाष्प गार पत्र्यावर दहिवरासारखे धरून, डिझेलहून जड असल्यामुळे, तळाशी उतरते. अर्धे रिकामे पिंप वीस अंशांनी निवले तर सहा-सात लिटर हवा आत येते, आणि ती ऐन पावसाळ्यातली असली तरी तिच्यातील सगळे पाणी दोन-तीन थेंबांहून अधिक भरत नाही. एवढ्याचे ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु तेलाच्या तळाशी गेलेल्या थेंबाला दुसऱ्या दिवशीचे ऊन सहसा वर काढू शकत नाही, आणि जेथे जमा रोजची असून खर्चाचे खातेच नाही तेथे थेंबांची शिल्लक वाढतच जाते. उभ्या पिंपाचा मामला तर याहून कठीण. त्याच्या उंच काठामुळे माथ्यावर पावसाचे पाणी तुंबते, तापलेला पत्रा त्या पाण्याने एकाएकी निवतो, आतली हवा आक्रसते आणि बुचावर साचलेले पाणी पिंप स्वतःच आत ओढून घेते. पावसाने आक्रमण केले असे आपण म्हणतो. वस्तुतः ओढ आतली असते.

तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय हेच सांगतो. काया, वाचा आणि मन यांची हालचाल, ज्याला तेथे योग म्हटले आहे, तोच आस्रव. म्हणजे जगणे चालू आहे तोवर आत येणे चालूच. ही हालचाल सर्वस्वी थांबते ती आत्मोन्नतीच्या चौदाव्या पायरीवर, म्हणजे चौदाव्या गुणस्थानी, आणि त्या अवस्थेचा अवधी पाच ऱ्हस्व स्वर उच्चारण्याइतकाच सांगितला आहे, त्यानंतर मोक्ष. तेराव्या गुणस्थानावरील केवलज्ञान्यालाही योग असतो व म्हणून आस्रव असतो, पण क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय उरलेले नसल्याने आलेले कर्म टिकून राहत नाही. तेव्हा पूर्ण बंद पात्र ही संसारातली वस्तू नव्हे, हे शास्त्राला कबूल आहे. मग गृहस्थाने करावयाचे काय?

येथे आपल्या वहिवाटीवर थोडे बोलणे भाग आहे. तपाने साधणाऱ्या निर्जरेचे आपल्याला कौतुक फार, संवराचे नाही. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस उपवास करणाऱ्याची गावात वाजतगाजत मिरवणूक निघते. वर्षभर जीभ आवरून धरणाऱ्याची कोणी काढीत नाही. तपाची थोरवी मला मान्य आहे, परंतु बूच सैल ठेवून दर हंगामात फिल्टर बदलणाऱ्या गृहस्थाला आपण धार्मिक म्हणणार नाही, आणि मिस्त्री तर त्याला शहाणाही म्हणणार नाही.

शिवाय अहिंसेच्या दृष्टीने पाहता संवराचे पारडे निश्चित जड आहे. तळाशी साचलेले पाणी आणि वरचे तेल यांच्या संधीवर बुरशी व जंतू वाढतात. पाण्यात राहून तेलावर पोसतात, त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर कोंदून टाकतो, आणि पंपाच्या घोटीव भागांना गंज चढतो तो वेगळाच. एकदा ही वाढ झाली की ती मारण्यासाठी विष घालण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. जीव मारण्याचा प्रसंगच येऊ नये म्हणून ज्या परंपरेने पाणी गाळून प्यावयास व शिळे न ठेवण्यास शिकवले, तिला येथे नवीन काही शिकावयाचे नाही. शेती करणाऱ्या जैनाला हिंसेचा बोल लावणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे की, असि-मसीबरोबर (शस्त्र आणि लेखन यांबरोबर) कृषी ही पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनीच लोकांना शिकवली असे परंपरा सांगते; उद्योगातील हिंसा गृहस्थाला टळत नाही, हयगयीची हिंसा मात्र टळते.

परिग्रहपरिमाणाचे, म्हणजे संग्रहाला मर्यादा घालण्याचे, व्रतही या ठिकाणी उपयोगी पडते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने एका जागी २५०० लिटरांपर्यंत डिझेल बिनपरवाना ठेवण्याची मुभा दिली आहे, मात्र कोणतेही पात्र १००० लिटरांहून मोठे असता कामा नये. परंतु सरकारने मुभा दिली एवढ्याने गरज सिद्ध होत नाही. मोठे आणि अर्धे रिकामे पात्र अधिक श्वास घेते. लहान आणि भरलेले कमी. गरजेपुरताच साठा ठेवणाऱ्याच्या घरी पाणी शिरावयास जागाच थोडी असते.

मृगाच्या आधी एवढी तजवीज वाचकाने करावी : पिंप छपराखाली आडवे करावे, दोन्ही बुचे एका पातळीत व तेलाच्या खाली येतील असे, बुचांचे वायसर नवे घालावे, तेल काढावयाची नळी तळापासून चार बोटे वर ठेवावी, ट्रॅक्टरची टाकी सकाळी न भरता संध्याकाळी काम संपताच भरावी, आणि फिल्टरखालची वाटी दररोज, इंजिन सुरू करण्यापूर्वी, उघडून पाहावी.