दोष आईबापांचा काय?

मुलांच्या मुखी पूर्वजांची भाषा उरली नाही, तर तो दोष आईबापांच्या पदरी घालावा काय? मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील गारिफुना समाजाचा वृत्तांत वाचताना हा प्रश्न आम्हांस टाळता आला नाही.

सेंट व्हिन्सेंट बेटावर आफ्रिकी लोक आणि मूळचे द्वीपवासी यांच्या संबंधांतून हा समाज जन्मास आला. त्यांचा नायक जोसेफ शातोये १७९५ मध्ये इंग्रजांशी झुंजताना पडला. प्रतिकार मोडल्यावर हजारो स्त्रीपुरुषांना बॅलिसो नामक चिमुकल्या बेटावर कोंडण्यात आले. तेथे सुमारे निम्मे रोगराईने मेले. उरलेल्यांना १७९७ मध्ये होंडुरासनजीकच्या रोआतान बेटावर नेऊन सोडले. आज त्यांचे वंशज होंडुरास, बेलीझ, ग्वाटेमाला व निकाराग्वा येथे आहेत.

ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो, तो कसावा हे त्यांचे अन्न. त्याच्या कडू जातीत विष असते. तो किसावा, वेताच्या लांब पिशवीत पिळून रस काढावा, मग तव्यावर भाकरी भाजावी. हे काम बायका मिळून करीत, गात करीत. भाषा अशा ठिकाणी शिकविल्यावाचून येते. आयती भाकरी विकत आणली की पिशवीचे नावही गेले!

कोणी म्हणेल, त्यांची भाषा शुद्ध तरी कोठे आहे? मूळ अरावाक कुळाचे, त्यात कॅरिब शब्द, आणि मोजणीचे बहुतेक शब्द फ्रेंच. हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटतो. ज्यांनी इतके पचविले त्यांनीच ती जगविली.

बेलीझमध्ये १९ नोव्हेंबरला पूर्वजांच्या आगमनाचा सोहळा होतो. तो टॉमस व्हिन्सेंट रामोस यांनी १९४१ मध्ये सुरू केला. २००१ मध्ये युनेस्कोने त्यांची भाषा, नृत्य व संगीत यांचा गौरव केला. परंतु नोकरी मिळते ती इंग्रजी वा स्पॅनिशवर. पोटासाठी मुलाशी परभाषेत बोलणाऱ्या मातेला कृतघ्न म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. भाषा की भाकरी, ही निवड तिच्या एकटीच्या माथी का यावी? डांग्रिगा गावी गुलिसी नावाची प्राथमिक शाळा निघाली. तेथे गारिफुना, इंग्रजी व स्पॅनिश तिन्ही शिकवितात. तेथील मूल एक भाषा टाकून दुसरी घेत नाही.