कढी आजचीच आहे

"बाबा, 'रिलिटिगेट'ला मराठीत काय म्हणू?" अमेरिकेतल्या निवडणुकीवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना सई अडली होती.

दादा वकिलांची कळी खुलली. पस्तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढलेला माणूस. "लॅटिनमध्ये 'लिस' म्हणजे वाद. लिटिगेट म्हणजे तो कोर्टात लढणं. निकाल लागलेलं प्रकरण नव्यानं लढायला काढलं की झालं रिलिटिगेट. अपील वेगळं हं, ती कायद्यानंच दिलेली वाट. हे म्हणजे दार बंद झाल्यावर खिडकीतून घुसणं." मग दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, कलम 11 आलंच. तेच पक्षकार, तोच मुद्दा, तर दावा पुन्हा चालत नाही. आपले स्मृतिकार याला प्राङ्न्याय म्हणत, हेही सांगून झालं.

"पण इथं कोर्ट नाहीच. पुढारी म्हणतोय, मला जुनी निवडणूक रिलिटिगेट करायची नाही."

"मग लिही, शिळ्या कढीला ऊत आणायचा नाही."

सईनं लिहिलं आणि खोडलं. कढीत वैताग होता, पण निकाल कुठं होता? शिवाय तिनं जमवलेल्या वाक्यांत हा शब्द बहुतेकदा नकारासोबतच येत होता, आणि नकार देणारा बहुधा जिंकलेला असायचा.

दुपारी दिनूकाका गावाहून आले. खांद्यावर तांदळाची पिशवी, चपला नेहमीसारख्या दाराबाहेर. जेवताना म्हणाले, "दादा, यंदा खालच्या रानाला पाणी पुरलं नाही. तेव्हा ती विहीर तुझ्याकडं गेली…"

"दिनू, वाटणी होऊन तीस वर्षं झाली. तुझी सही आहे कागदावर. आता ते रिलिटिगेट करायचं नाही." सकाळचा शब्द आयताच तोंडात होता.

काकांना शब्द कळला नाही, सूर कळला. ते भाताचं आळं करत राहिले. आळं झालं, तरी बोटं थांबेनात.

सईनं मोबाइलवर कलम 11 उघडलं होतं. "बाबा, यात नुसतं 'निर्णय झालेला' नाहीये. 'ऐकून घेऊन, अंतिम निर्णय झालेला' असं आहे."

"मग?"

"काकांचं कोणी ऐकलं होतं?"

"मी एकोणीस वर्षांचा होतो," काका ताटाकडं बघत म्हणाले. "दादा म्हणाला इथं सही कर. केली."

वकिलांनी तोंड उघडलं. स्पष्टीकरण 4 त्यांना पाठ होतं: जो मुद्दा मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तो मांडलाच असं धरतात. ते ओठांवर आलंही. पण समोर पक्षकार नव्हता. आणि वाटणीपत्राचा मसुदा कुणी केला, हे त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

आई कढीचं पातेलं घेऊन आली. "वाढू ना भावजी? आजचीच आहे."

वकिलांनी हात धुतला, कपाटातून पिवळं पडलेलं वाटणीपत्र काढलं आणि खुर्ची धाकट्याच्या शेजारी ओढली.

"बोल," ते म्हणाले. "आधी विहिरीचं."

काकांनी बराच वेळ सुरुवातच केली नाही.