ऋण आणि तहान

घेतलेले कर्ज फेडावे हा नीतीचा नियम इतका जुना व सर्वमान्य आहे की, त्याविषयी शंका काढणाऱ्यास लोक दिवाळखोर तरी समजतात, नाही तर दिवाळखोराचा वकील तरी. आपल्याकडे तर ऋणाची कल्पना पैशापुरती कधीच राहिली नाही. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे जन्मतःच माणसाच्या माथी लावून शास्त्रकारांनी सारे आयुष्य हीच एक परतफेड ठरविली. पण तहानलेल्यास पाणी नाकारू नये हा नियमही तितकाच जुना आहे. वैशाखात पाणपोई घालणारा गृहस्थ पाणी पिणाराची पत विचारीत बसत नाही. आता या दोन नियमांची गाठ एकाच दारात पडली, तर कोणी कोणास वाट द्यावी?

हा प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीसाठी काढलेला नाही. अमेरिकेतील मिशिगन संस्थानातल्या डेट्रॉइट शहरापुढे तो सहा वर्षांच्या आत दोनदा उभा राहिला, आणि त्या एकाच शहराने त्याची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली. २०१४ साली त्याने सांगितले, ‘पैसे नाहीत, तर पाणी नाही.’ २०२० साली त्याने सांगितले, ‘पैशाचे मागाहून पाहू, आधी पाणी घ्या.’ मधल्या काळात नीतिशास्त्रात कोणताही नवा शोध लागलेला नव्हता. लागली होती ती एक साथ. तेव्हा या दोन उत्तरांपैकी खरे कोणते, आणि दुसरे उत्तर देण्यास साथीची वाट का पाहावी लागली, याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम या शहराची दशा ध्यानात घेतली पाहिजे. १९१३ साली हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात मोटारगाडी सरकत्या साखळीवर तयार होऊ लागली, आणि १९१४ च्या आरंभी त्याने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. त्या पाच डॉलरांच्या ओढीने पोलंडपासून अलाबामापर्यंतची माणसे या नगरीत लोटली. १९५० साली तिची लोकसंख्या १८,४९,५६८ होती. २०२० च्या खानेसुमारीत ती ६,३९,१११ भरली. म्हणजे सत्तर वर्षांत तीन माणसांतली दोन नाहीशी झाली. ती युद्धात पडली नाहीत की दुष्काळात मेली नाहीत. बहुतेक जण शहराची हद्द ओलांडून पलीकडे राहावयास गेले.

हे का झाले, याचे दोन शब्दांत उत्तर देणारे पुष्कळ आहेत. कोणी १९६७ च्या दंगलीकडे बोट दाखवितो, कोणी मजूरसंघांकडे, तर कोणी जपानी मोटारींकडे. पण टॉमस सग्रू या इतिहासकाराने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, ओहोटी दंगलीच्या कितीतरी आधी लागली होती. १९४७ ते १९६३ या अवघ्या सोळा वर्षांत कारखान्यांतील सुमारे १ लक्ष ३४ हजार नोकऱ्या या शहराने गमावल्या. यंत्रे वाढली तसे मजूर कमी झाले. कारखाने स्वस्त जमिनीच्या शोधात उपनगरांत व दक्षिणेकडे गेले. आणि गोरा मध्यमवर्ग त्यांच्या मागोमाग किंवा त्यांच्या आधीच बाहेर पडला. काळ्या माणसास मात्र ती वाट मोकळी नव्हती. १९४१ साली शहराच्या उत्तर टोकास एका बांधकाम व्यावसायिकाने सहा फूट उंच व सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली. शेजारच्या काळ्या वस्तीपासून आपली नवी घरे वेगळी दिसल्यावाचून सरकारी हमीचे कर्ज मिळेना, एवढेच तिचे कारण. ती भिंत अद्याप उभी आहे.

माणसे गेली, पण नळ गेले नाहीत. अठरा लाखांच्या वस्तीसाठी जमिनीखाली घातलेले नळ, बंधारे व पंप साडेसहा लाखांसाठी एक तृतीयांश करता येत नाहीत. नळ जुना होतो, फुटतो, त्यास डागडुजी लागते. आणि हा सारा खर्च उरलेल्यांत वाटला जातो. उरलेले कोण? ज्यांना जाण्याची ऐपत नव्हती ते. याप्रमाणे जो जितका गरीब, तितका गेलेल्यांचा वाटा त्याच्या डोक्यावर अधिक, असा उफराटा हिशेब होऊन बसला.

१८ जुलै २०१३ रोजी सुमारे १८ अब्ज डॉलरांचे देणे डोक्यावर घेऊन या शहराने दिवाळ्याचा अर्ज केला. तोपर्यंत अमेरिकेतील इतक्या मोठ्या कोणत्याही शहराने असा अर्ज केलेला नव्हता. त्या वेळी शहराचा कारभार लोकनियुक्त मंडळाच्या हाती नसून संस्थानाने नेमलेल्या एका आपत्कालीन व्यवस्थापकाच्या हाती होता. पुढील वसंत ऋतूत पाणीखात्याने थकबाकीदारांचे नळ तोडण्याचा सपाटा लावला. दीडशे डॉलरांहून अधिक किंवा दोन महिन्यांहून जुनी बाकी असली, की नळ तोडण्यास ती पुरेशी होई. त्या एका वर्षात तीस हजारांहून अधिक घरांचे पाणी बंद झाले. हे शहर जगातील गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एकाच्या काठी वसलेले आहे, हेही येथे विसरता कामा नये.

नळ तोडणारांचा पक्ष आपण नीट मांडला पाहिजे; कारण पूर्वपक्ष दुबळा करून मिळविलेला जय हा जय नव्हे. त्यांचे म्हणणे असे: पाणी आकाशातून फुकट पडते हे खरे, पण ते शुद्ध होऊन घरापर्यंत फुकट येत नाही. एकाने पट्टी बुडविली तर ती दुसऱ्याच्या पट्टीत चढते. आणि तो दुसरा श्रीमंत नसून त्याच गल्लीतली, दोन घरची कामे करून वेळच्या वेळी पैसे भरणारी विधवाही असू शकते. ऐपत असून न भरणारेही असतातच. दया करावी, पण तिचा खर्च तिसऱ्याच्या माथी मारून दयाळू म्हणवून घेऊ नये. सप्टेंबर २०१४ मध्ये दिवाळ्याच्या न्यायालयानेही नळतोड थांबविण्यास नकार दिला. पाण्यावाचून माणसांचे हाल होतात हे न्यायाधीशांनी नाकारले नाही. परंतु असा पुरवठा मागण्याचा हक्क कायद्यात नाही, आणि शहरास उत्पन्न सोडणे परवडणारे नाही, असा त्यांचा निर्णय पडला.

हा युक्तिवाद हृदयशून्य म्हणून झिडकारता येत नाही, तेव्हा त्याचे उत्तर त्याच्याच भाषेत, म्हणजे हिशेबाच्याच भाषेत दिले पाहिजे. पहिली गोष्ट ही की, ज्या न्यायालयात नागरिकाच्या दीडशे डॉलरांच्या बाकीस पवित्र ठरविण्यात आले, त्याच न्यायालयात खुद्द शहराची अब्जावधी डॉलरांची बाकी माफ होत होती. डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळ्यातून मोकळे झाले, तेव्हा कित्येक सावकारांच्या हाती रुपयातले काही आणेच पडले, आणि सामान्य नोकरांच्या निवृत्तिवेतनात साडेचार टक्के कपात झाली. हे आम्ही गैर म्हणत नाही. उलट, ज्यास देणे अशक्य आहे त्याचा प्राण घेऊन वसुली करू नये, हेच तर दिवाळ्याच्या कायद्याचे तत्त्व आहे. पोलीस, अग्निशामक दल व रस्त्यावरचे दिवे हे शहराचे प्राण. ते चालू ठेवून मग उरेल ते सावकारास द्यावे, असे कायदा म्हणतो. मग हेच तत्त्व शहराच्या दारापर्यंत येऊन नागरिकाच्या दाराशी का थबकावे?

दुसरी गोष्ट, ऋणको नक्की कोण होता? ‘डेट्रॉइट न्यूज’ या वृत्तपत्राने २०२० च्या आरंभी हिशेब करून दाखविले की, घरांच्या किमती कोसळल्यानंतरही जुन्याच फुगविलेल्या आकारणीने शहराने २०१० ते २०१६ या काळात घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर अधिक कर घेतला होता. म्हणजे ज्या काळात हजारो घरांचे नळ तोडले जात होते, त्याच काळात त्याच गल्ल्यांतील लोकांचे शहरच देणे लागत होते. पण नागरिकाची बाकी वसूल करण्यास पाना घेतलेला माणूस येतो. शहराची बाकी वसूल करण्यास नागरिकाजवळ पाना नसतो.

१० मार्च २०२० रोजी मिशिगनमध्ये कोविडचे पहिले रुग्ण जाहीर झाले. वारंवार साबणाने हात धुवा, असे सारे वैद्य सांगत होते, आणि शहरातील हजारो घरांत नळ कोरडे होते. त्याच्या आदल्याच दिवशी योजना निघाली होती की, महिन्याला २५ डॉलर भरल्यास तुटलेला नळ पुन्हा जोडून मिळेल. महिना संपण्यापूर्वी राज्यपालांच्या हुकुमाने सर्व संस्थानात तुटलेले नळ जोडण्याची आज्ञा झाली. सहा वर्षे मोर्चे निघाले, संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ येऊन गेले, न्यायालयाची पायरी झिजली. आणि इतके दिवस जे परवडत नव्हते ते पंधरवड्यात परवडू लागले.

येथे एक निंदक म्हणेल, ‘यात कसले आले पुण्य? शेजाऱ्याच्या हातावरचे विष आपल्या दाराच्या कडीला लागेल, या भयाने त्याला पाणी दिले.’ त्यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, ‘हेतूचे तुम्हांला काय करावयाचे आहे? तान्ह्या मुलाला आंघोळ मिळाली ना?’ आम्ही काही अंशी या दुसऱ्याच्या बाजूचे आहो. तहानलेल्याला दात्याच्या अंतःकरणाची शुद्धी तपासण्यास सवड नसते. पण हेतू अगदीच निरर्थक आहे असेही नव्हे. कारण कृत्य किती टिकेल, हे हेतूवर अवलंबून असते. भयाने सुरू झालेले पाणी भय ओसरले की पुन्हा थांबण्याचा संभव असतो.

आणि भयाचा या शहरातील पूर्वेतिहास पाहिला, तर त्यावर भिस्त ठेवण्याचे धाडस होत नाही. ती सहा फुटी भिंत कोणी बांधली? भयानेच. गोऱ्या माणसांनी घरे विकून हद्दीपलीकडे धाव का घेतली? शेजारी काळा माणूस आला तर घराची किंमत उतरेल, या भयाने. ज्या भयाने २०२० मध्ये नळ जोडले, त्याच भयाने त्यापूर्वी सत्तर वर्षे शहर रिकामे केले होते. मग एकच भय एकदा तोडते आणि एकदा जोडते, हे कसे? आमच्या मते याचे कारण साधे आहे. पळून जाण्यास वाट असेल, तर भय माणसास पळविते. वाट नसेल, तरच ते त्यास शेजाऱ्याकडे वळविते. साथीने काही दिवस साऱ्या वाटा बंद केल्या, म्हणून शेजारी दिसला.

तोही सर्वांना सारखा दिसला नाही. ज्यांचे काम घरी बसून होण्यासारखे होते त्यांनी दारे लावून घेतली. बस हाकणारास दार लावून घेता येत नव्हते. १७ मार्च रोजी डेट्रॉइटच्या बसचालकांनी काम थांबविले, तेव्हा कोठे उतारूंनी मागच्या दाराने चढावे आणि भाडे घेऊ नये, असे ठरले. आरंभीच्या आठवड्यांत मिशिगनच्या लोकसंख्येत सुमारे १४ टक्के असलेल्या काळ्या समाजाच्या वाट्यास मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के मृत्यू आले. आणि डेट्रॉइटमध्ये दहांपैकी जवळजवळ आठ रहिवासी त्याच समाजाचे. ३१ ऑगस्ट २०२० रोजी बेल आइल या बेटावरील रस्त्याच्या कडेने मृतांची सुमारे ९०० मोठी छायाचित्रे उभी केली होती, आणि आप्तांच्या मोटारी त्यांच्यामधून सावकाश जात होत्या. ज्या नगरीने जगाला मोटार दिली, तिची अंत्ययात्राही मोटारींतूनच निघाली.

एकनाथ महाराजांची कथा आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. काशीची गंगा कावडीत घेऊन ते रामेश्वरास निघाले होते, आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात त्यांनी ती ओतली. या कथेतली भूतदया आपण नेहमी वाखाणतो. पण तिच्यातील ऋणाची बाजू आपल्या ध्यानात येत नाही. ते पाणी नाथांचे नव्हते. ते रामेश्वरास देऊ केलेले, म्हणजे देवाचे देणे होते. नाथांनी ते देणे बुडविले नाही, आणि ऋण खोटे आहे असेही म्हटले नाही. सर्व धनकोंमध्ये तहानेचा हक्क पहिला, एवढेच त्यांनी ठरविले. शिवाय, त्या गाढवाची तहान संसर्गजन्य नव्हती. तिचे भय बाळगण्याचे नाथांस कारण नव्हते.

आमचा निष्कर्ष याहून निराळा नाही. पाणीपट्टी असावी, आणि ती भरणे कर्तव्य असावे. पण ती ऐपतीप्रमाणे आकारावी, आणि वसुलीसाठी नळ हे हत्यार वापरू नये. हे स्वप्नरंजन नव्हे. याच शहराने २०२२ साली कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी महिना १८ डॉलरांपासून सुरू होणारी पाणीपट्टी ठरविली. साथीपूर्वीही कागद व शाई उपलब्ध होतीच. ही योजना २०१४ साली लिहिता आली असती. तेव्हा ‘परवडत नाही’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा ‘आम्हांस अजून भय वाटत नाही’ एवढाच असतो, हे प्रत्येक नगराच्या कारभाऱ्यांनी, आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपणांसारख्या सुखवस्तू माणसांनी, मनाशी ताडून पाहावे.

१८०५ साली डेट्रॉइट जळून खाक झाले, तेव्हा तेथील एका धर्मोपदेशकाने, गॅब्रिएल रिशार याने, लिहिलेले वचन आजही त्या शहराच्या मुद्रेवर आहे. अधिक चांगल्याची आशा करू. राखेतून ते पुन्हा उठेल, असा त्याचा आशय. शहर उठत आहे अशी चिन्हेही आहेत. तीस वर्षे ओसाड पडलेले मोठे रेल्वेस्थानक २०२४ साली नव्या रूपाने उघडले. या उत्कर्षाचा आम्हांस आनंदच आहे. मात्र त्याची परीक्षा त्या स्थानकाच्या संगमरवरावरून करू नये. साथ नसलेल्या एखाद्या सामान्य महिन्यात, बाकी थकलेल्या एखाद्या सामान्य घरात, नळ उघडल्यावर पाणी येते की नाही, हे जाऊन पाहावे.